काटा बोलतोय, पण लिहीना झालाय

जानेवारी २०२४. हंगाम भरात होता आणि रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. काट्यावरच्या आबांचा फोन आला. "साहेब, काटा बोलतोय, पण लिहीना झालाय."

ही भाषा कळायला मला एक अख्खा हंगाम लागला होता. काटा बोलतो म्हणजे उसाची ट्रॉली वर चढली की इंडिकेटरवर लाल आकडे येतात आणि तेच आकडे सिरियल केबलमधून शेजारच्या संगणकावर उमटतात. काटा लिहितो म्हणजे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरतो आणि तीन प्रतींची पावती बाहेर येते. आकडे दिसत होते, पावती येत नव्हती. भरलेल्या वजनाची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय गाडी गव्हाणीकडे, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्याकडे, सोडत नाहीत, आणि गव्हाण रिकामी राहिली की आत फोनाफोनी सुरू होते. मागून ट्रॅक्टरवाल्यांचे हॉर्न ऐकू येत होते. त्यातल्या एकाने तेवढ्यात मोठ्यांदा गाणं लावलं.

कारखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक कारखान्याची नव्हती, माझी होती.

त्याच दुपारी मी घरून त्या मशीनची साफसफाई केली होती. त्यावर डेबियन या लिनक्स प्रणालीची जुनी आवृत्ती १०, डिस्क ९६ टक्के भरलेली. काट्याच्या खोलीतल्या संगणकावर कुणाला गेम आणि गाण्यांचा प्लेअर कशाला हवा, म्हणून डेस्कटॉपचं एक मेटापॅकेज, म्हणजे बाकीची बरीच पॅकेजेस सोबत ओढून आणणारं पॅकेज, काढलं आणि पाठोपाठ 'ऑटोरिमूव्ह' चालवलं. सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्टने लांबलचक यादी दाखवली. मी ती वाचली का? नजर फिरवली. 'वाय' दाबलं. दीड जीबी मोकळी झाली म्हणून वर चहाही घेतला.

ऑटोरिमूव्हचा हिशोब साधा असतो. प्रत्येक पॅकेजवर ॲप्टने एक खूण ठेवलेली असते: हे माणसाने मागून घेतलं, की दुसऱ्या कुणासाठी आपोआप आलं. आपोआप आलेल्याला आता विचारणारं कुणी उरलं नाही, तर ते जागा अडवून बसलंय असं समजून काढायचं. छपाईचं सगळं सामान, म्हणजे कप्स आणि त्याच्या आज्ञा, त्या डेस्कटॉपचं बोट धरून आलं होतं. डेस्कटॉप गेला, मागोमाग तेही गेलं. काट्याचा आमचा प्रोग्राम रोज हजारदा तीच छपाईची आज्ञा वापरत होता, पण ते ॲप्टला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तो प्रोग्राम आम्ही एका फोल्डरमध्ये नुसता कॉपी करून ठेवला होता. ॲप्टच्या दप्तरी त्याचा जन्मच नोंदलेला नव्हता.

मी मोटारसायकलवरून पोचून, मोबाईलच्या नेटवर कप्स पुन्हा उतरवून घेईपर्यंत अडीच तास गेले. नशिबाने 'पर्ज' केलं नव्हतं, म्हणजे मांडणीच्या फाईलींसकट पुसलं नव्हतं, त्यामुळे प्रिंटरची जुनी मांडणी शाबूत होती. तेवढ्या वेळात आबांनी खणातून कार्बन पेपर आणि जुनं पावतीपुस्तक काढलं आणि पडद्यावरचे आकडे बघून हाताने पावत्या फाडल्या. एकाही गाडीवानाने भांडण काढलं नाही. उसाच्या काट्याबद्दल आमच्या भागात किती संशय असतो हे ज्याला माहीत आहे, त्याला यावरून आबांची पत कळेल.

मार्चमध्ये हंगाम संपला. जूनअखेर डेबियन १० ची दीर्घ मुदतीची देखभालही संपणार होती, म्हणजे मशीन १२ वर न्यायचं, तेही ११ वरून, कारण डेबियनमध्ये मधली पायरी गाळायची सोय नाही. त्यात आमचा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या जुन्या आवृत्ती २ मधला. पायथन २ चा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० लाच थांबला होता. डेबियन ११ मध्ये ते नावापुरतं उरलं होतं आणि १२ मध्ये नावालाही नाही. या वेळी काहीही हलवण्याआधी, कोण कुणाच्या खांद्यावर उभं आहे ते बघायचं ठरवलं. अद्दल घडलेला माणूस जरा जास्तच पद्धतशीर होतो.

सुरुवात 'ॲप्टिट्यूड व्हाय' या आज्ञेने केली. तिला पॅकेजचं नाव द्यायचं, आणि ते या मशीनवर का आहे याची एक साखळी ती सांगते: अमुक तुम्ही मागितलं, त्याला तमुक लागतं, तमुकला हे लागतं. तीन-चार ओळींत मामला संपतो. मला ही आज्ञा मनापासून आवडते. काळ्या पडद्यावर तिचं उत्तर वाचताना जुन्या सरकारी कचेरीतला एखादा शांत कारकून फाईल उघडून बोटाने ओळ दाखवतोय असं वाटतं. पण ती एका वेळी एकच वाट दाखवते, आणि मला सगळा गाव बघायचा होता.

म्हणून डेबट्री. फ्रान्स पॉप या डेबियनच्या विकसकाने लिहिलेली पर्ल भाषेतली ही आज्ञा. ती स्वतः चित्र काढत नाही. पॅकेजची सगळी नाती वाचून ती फक्त मजकूर ओकते: या नावापासून त्या नावाकडे बाण, या रंगाचा, पुढची ओळ. तो मजकूर पाईपमधून 'डॉट'ला द्यायचा, की डॉट चित्र काढून देतो. एकाने सांगायचं, दुसऱ्याने रेखाटायचं.

पहिल्या दिवशी मी हावरटपणा केला. मशीनवर १,११२ पॅकेजेस होती. ती सगळी एका चित्रात घेतली. डॉट बराच वेळ गप्प बसला, पंखा घोंघावला, मग जी फाईल निघाली ती उघडताना चित्र बघायचा प्रोग्रामच आडवा झाला. दुसऱ्या मशीनवर उघडली. उकळत्या दुधात शेवया टाकून हलवायला विसरल्यावर जो गोळा होतो, तो निळ्या-काळ्या रंगात. झूम करून एखादं नाव सापडायचं, त्यातून निघालेला बाण धरून सरकत जावं तर तो चारशे बाणांच्या जुडीत शिरायचा आणि पलीकडे कुठला बाहेर आला ते ओळखू यायचं नाही. सगळं काही त्यात होतं. मला त्यातलं काहीही कळलं नाही.

डेबट्रीच्या सोबत दोन छोट्या याद्या येतात, तिकडे लक्ष गेलं ते यानंतर. एका यादीतली पॅकेजेस चित्रात दाखवायचीच नाहीत. दुसऱ्या यादीतली दाखवायची, पण त्यांच्यापुढे खोदत जायचं नाही. वगळायच्या यादीत लिबसी-सहा बसते. सी भाषेचं हे मूळ ग्रंथालय, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, ज्याच्याशिवाय मशीनवरचं जवळजवळ काहीच हलत नाही. सर्वात महत्त्वाचं पॅकेज, आणि चित्रात नाही! आधी मला हे विचित्र वाटलं. मग एकदा ते मुद्दाम दाखवायला सांगून पाहिलं. प्रत्येक चौकटीतून एक बाण तिकडे धावला आणि बाकी सगळं त्याखाली बुजून गेलं. जे सगळ्यांनाच लागतं, त्याचा बाण काही सांगत नाही. घराच्या नकाशात हवा कुठे दाखवतात?

मग खोली कमी केली, नुसत्या सुचवण्या गाळल्या, एका वेळी एकच पॅकेज धरलं. चित्रं वाचता येऊ लागली. आता वाटतं की हे साधन चालवणं म्हणजे त्याचे पर्याय पाठ असणं नाही. आपल्याला नेमकं काय विचारायचंय हे ठरत नाही तोवर ते शेवयाच देतं.

डेबियनमधली नाती मुळात वाचण्यासारखी आहेत. 'डिपेंड्स' म्हणजे याच्याशिवाय लग्न लागणार नाही. 'रेकमेंड्स' म्हणजे आग्रहाचं निमंत्रण. २००९ मध्ये आलेल्या लेनी आवृत्तीपासून ही मंडळीही आपोआप येऊन बसतात, आणि डिस्क भरते ती बहुतेक यांच्यामुळेच. 'सजेस्ट्स' म्हणजे आलात तर आनंद आहे. 'प्री-डिपेंड्स' म्हणजे आम्ही मांडवात पाऊल टाकण्याआधी यांचा मानपान झालेला पाहिजे. आणि 'कॉन्फ्लिक्ट्स' ही सरळसरळ भाऊबंदकी: एक्झिम आणि पोस्टफिक्स दोघेही टपाल पोचवायचंच काम करतात, दोघेही एकाच पदावर हक्क सांगतात, म्हणून एका घरात नांदू शकत नाहीत. डेबट्री हे वैर लाल रेघेने दाखवतं. आमच्याकडेही जमिनीच्या नकाशावर तो रंग शोभला असता.

याला सगळे झाड म्हणतात, ट्री म्हणतात, पण ते झाड नाही. लिबसी-सहाला जीसीसी या कंपायलरचं एक छोटं ग्रंथालय लागतं आणि त्या ग्रंथालयाला लिबसी-सहा लागते. आधी कुणाला बसवायचं? डेबियनच्या धोरणात याचं उत्तर लिहून ठेवलंय: अशा वर्तुळात ज्याच्यापाशी बसवल्यानंतर चालवायची स्क्रिप्ट नसेल, तिथे वर्तुळ तोडा. म्हणजे ज्याचं मागून काही मागणं नाही, त्याला आधी बसवून टाकायचं. चार भावांच्या घरात हा न्याय कसा चालतो ते मी पाहिलंय.

डॉट हे सगळं कसं मांडतो याचं मला वेगळं कुतूहल होतं. एटी अँड टीच्या बेल लॅब्जमधल्या चौघांनी १९९३ साली एक निबंध लिहिला, त्यात ही कृती आहे. आधी वर्तुळं मोडायची, म्हणजे काही बाण तात्पुरते उलटे धरायचे. मग प्रत्येक चौकटीला वरून कितवी ओळ ते ठरवायचं, बाण शक्य तितके आखूड राहतील असं बघत. खरी मेहनत त्यानंतर: एका ओळीत कोण कुणाच्या शेजारी? समोरासमोर दोन पंगती बसल्यात आणि नातेवाइकांच्या हातात दोऱ्यांची टोकं दिलीयत अशी कल्पना करा. दोऱ्या एकमेकींना कमीत कमी छेदल्या पाहिजेत. हे अचूक सोडवणं दोनच पंगतींसाठीसुद्धा इतकं अवघड आहे की मोठ्या पंगतीला संगणकही पुरा पडत नाही. म्हणून डॉट अचूकतेचा नाद सोडतो. एक पंगत स्थिर ठेवायची, दुसरीतल्या प्रत्येकाला त्याच्या समोरच्या नातेवाइकांच्या मध्यावर सरकवायचं. मग ती स्थिर, ही हलवायची. वर-खाली, वर-खाली. मूळ निबंधात अशा २४ फेऱ्या ठेवल्यात. बास झालं, आता वाढा! मला हा निर्णय फार शहाणा वाटतो. शेवटी बाणांना वळणं देऊन ते चौकटींच्या अंगावरून जाणार नाहीत असं बघायचं.

हीच कामं इतर गावांतही चालतात. आर्च लिनक्सवाल्यांकडे पॅकट्री आहे, पायथनवाल्यांकडे पिपडेपट्री, रस्टमध्ये कार्गो ट्री. जावास्क्रिप्टची माणसं हे चित्र फारसं काढत नाहीत. २०१६ च्या मार्चमध्ये शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणाऱ्या अकरा ओळींच्या लेफ्ट-पॅडने त्यांना ते फुकट दाखवलं. लेखकाने रागाने पॅकेज काढून घेतलं आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांची बांधणी जागोजाग थांबली.

पण त्या जूनमध्ये माझ्या डोक्यात होतं ते एक्सझेडचं प्रकरण. तीनच महिन्यांपूर्वीचं. अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस. त्याच्या डेबियनवर एसएसएचने, म्हणजे दुरून संगणकात शिरायच्या सुरक्षित वाटेने, आत शिरायला अर्ध्या सेकंदाचा उशीर होत होता. अर्धा सेकंद! आमच्या काट्यावर प्रिंटरचा कागद सरळ करायला आबांना त्याहून जास्त लागतो. त्याने तो सोडून दिला नाही, माग काढत गेला आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं की एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं गोडीगुलाबीने काम करत, एकट्याने तो प्रकल्प सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवत, तिथवर पोचलं होतं.

यातली गोम अशी की एसएसएचच्या मूळ सॉफ्टवेअरला एक्सझेड लागतच नाही. पण सेवा सुरू झाल्याची वर्दी मशीनवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला देता यावी म्हणून डेबियन आणि इतर काहींनी त्यात आपली ठिगळं लावली होती. त्या ठिगळापायी लिबसिस्टमडी आलं, लिबसिस्टमडीपायी एक्सझेडचं ग्रंथालय. पाहुण्याचा पाहुणा, आणि थेट देवघरापर्यंत.

आमचं मशीन जुनं असल्याने त्यात ५.२.४ होतं, म्हातारपणाचा हा एक फायदा. तरी मी एसएसएच सर्व्हरचं चित्र काढलं. दोन्ही बाण तिथे होते, अगदी ठसठशीत. वर्षानुवर्षं कुणीही ही आज्ञा चालवली असती तर त्याला ते दिसले असते, आणि मीही बघून 'हं' म्हणून पुढे गेलो असतो. बाण एवढंच सांगतो की याला ते लागतं. ते कुणाच्या जिवावर उभं आहे, तो माणूस नीट झोपतो का, त्याच्या शेजारी येऊन बसलेला गोड बोलणारा कोण, यासाठी डेबट्रीत रंग नाही.

आमच्या स्वतःच्या चित्रात तर त्याहून मोठी गफलत होती. 'कप्सवर कोण अवलंबून आहे' असं उलट्या दिशेने विचारलं. उत्तर आलं, पण त्यात काटा नव्हता. असणार कसा? ज्या कामासाठी ते मशीन लोखंडी टेबलावर पत्र्याखाली बसवलंय, तेच काम चित्रात गायब.

यावर डेबियनमध्ये 'इक्विव्ह्ज' नावाचा एक गमतीदार उपाय आहे. त्याने पोकळ पॅकेज बनवता येतं. आत एकही फाईल नको, प्रोग्राम नको, फक्त एक नाव आणि नाती. मी साध्या मजकुराची फाईल लिहिली. पॅकेज: काटा. डिपेंड्स: कप्स-क्लायंट, पायथन-तीनचं सिरियल पॅकेज, पोस्टग्रेसशी बोलणारं एक पॅकेज. वर्णनात लिहिलं, 'हे काढू नका, गाड्या थांबतात.' ते बसवलं आणि चाचणीच्या मशीनवर मुद्दाम ऑटोरिमूव्ह चालवलं. छपाईच्या सामानाला त्याने हात लावला नाही. मग डेबट्रीला 'काटा' हे नाव दिलं. ए-फोर कागदावर मावेल एवढं सुबक चित्र आलं, सगळ्यात वर एक चौकट, तिच्यात काटा. प्रिंट काढून खोलीत इंडिकेटरच्या वर चिकटवलं.

आबा आता निवृत्त झालेत, तरी ऑफ-सीझनला चक्कर असते. चष्मा वर करून त्यांनी कागद बघितला.

"हेळव्याची वही दिसतीय की ही."

आमच्या भागात हेळवी येतात. वंशावळीची वही सांभाळणारे, कुळाकुळाच्या दारात जाऊन पणजोबा-खापरपणजोबांपासून नावं वाचून दाखवणारे. लहानपणी मी आमच्या ओसरीवर ते ऐकलंय. तालात नावं येत जायची आणि मध्येच आपलं नाव आलं की अंगावर काटा यायचा. मी म्हटलं, तसंच समजा आबा, फक्त हेळवी माणसांची नावं वाचतो, हे सामानाची वाचतं.

"मग प्रिंटर बंद पडला की परत सगळं बंदच म्हणा."

"तेवढं आहे."

"आन् कार्बन?"

मला आधी कळलं नाही. मग मी खण उघडला. जुनं पावतीपुस्तक होतं, त्यात दहा-बारा पानं शिल्लक. कार्बन पेपरचा डबा रिकामा. तळाला एकच निळा-काळा कागद, इतका वापरलेला की उजेडाला धरला तर आरपार आकडे दिसत होते. जानेवारीतल्या त्या रात्रीचे असावेत.

स्टोअरला गेलो. स्टोअरकीपर नवीन, हुशार मुलगा, सगळा साठा आता एक्सेलमध्ये आणलेला. त्याने शोधलं आणि म्हणाला, "सर, कार्बन पेपर आयटमच काढून टाकलाय मार्चमध्ये. तीन वर्षांत एका डिपार्टमेंटची मागणी नव्हती. अशा चाळीसेक आयटम काढल्या, यादी साहेबांना दाखवली होती."

मी त्याला काय बोलणार?

"लागत असेल तर इंडेंट भरा, परत लावतो." त्याने छापील फॉर्म पुढे सरकवला. वस्तू: कार्बन पेपर. नग: दोन डबे. पावतीपुस्तकं: चार. विभाग: उसाचा काटा. मग आला 'कारण' हा रकाना. बोटभर जागा. बराच वेळ मी पेन घेऊन उभा राहिलो. मागे वेल्डिंग रॉड न्यायला आलेला फिटर खाकरला, तेव्हा 'आबांनी विचारलं' एवढं लिहून सही केली.